लॅब, शेफर्ड, गोल्डन : मादीची नसबंदी नेमकी कधी करायची?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. मोठ्या जातीची मादी घरात आहे, वय वर्षाच्या आत-बाहेर, आणि नसबंदीबद्दल जो तो वेगळं सांगतो. म्हणून इतर विषय पुढच्या अंकावर ढकलून या अंकात फक्त हीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर साडेपाच महिन्यांची आहे, वजन १९ किलो. एका डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या हीटच्या (माजावर येण्याच्या) आधीच ऑपरेशन उरकून घ्या, म्हणजे स्तनांचा कॅन्सर होणार नाही. दुसरे म्हणतात, वर्ष होईपर्यंत हात लावू नका. ऐकायचं कुणाचं?
— एक वाचिका, पुणे

दोघंही खरंच सांगताहेत, फक्त दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळे आजार आहेत.

पहिल्या डॉक्टरांचा आधार १९६९ मधल्या एका अमेरिकन अभ्यासाचा. नसबंदी न झालेल्या मादीचा स्तनांच्या गाठींचा धोका १०० धरला, तर पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन झालेल्या मादीत तो ०.५ उरतो, एका हीटनंतर ८ आणि दोन हीटनंतर २६. हे आकडे सगळीकडे फिरतात, पण फिरता फिरता त्यांचा अर्थ बदलतो. ‘एका हीटनंतर केलं तर ८ टक्के माद्यांना कॅन्सर होतो’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मूळ धोक्याच्या ८ टक्के धोका उरतो, म्हणजे ९२ टक्के संरक्षण एक हीट होऊन गेल्यावरही मिळतं. शिवाय २०१२ मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं दिसलं. फायदा आहेच, पण त्यासाठी पहिल्या हीटच्या आधीची तारीख गाठायलाच हवी असं नाही.

दुसरे डॉक्टर हाडांकडे बघताहेत. लांब हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चेची पट्टी असते. वयात येताना अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवू लागलं की ही पट्टी हळूहळू हाडात बदलते आणि वाढ थांबते. लॅबमध्ये हे साधारण १२ ते १४ महिन्यांत पुरं होतं. अंडाशयच सहाव्या महिन्यात काढले तर थांबायची खूण उशिरा मिळते. पाय थोडे जास्त लांबतात, मागच्या गुडघ्याचा आणि खुब्याचा कोन बदलतो, आणि गुडघ्यातल्या लिगामेंटवर (हाडं जोडून धरणाऱ्या पट्टीवर) ताण येतो. हे लिगामेंट तुटलं की मोठ्या कुत्र्यासाठी ते नसबंदीपेक्षा कितीतरी मोठं, महागडं आणि महिनोन् महिने चालणारं प्रकरण होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या नोंदींवरून २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नसबंदी न झालेल्या लॅब माद्यांपैकी ६ टक्क्यांना सांध्यांचा एखादा तरी आजार होता. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ११ ते १२ टक्के होतं. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मोठ्या माद्यांच्या बाबतीत ती वगळून चालत नाही. नसबंदीनंतर काही माद्यांचा मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो आणि झोपेत लघवी गळते. प्रौढपणी २० किलोच्या वर जाणाऱ्या माद्यांना हा त्रास जास्त होतो, आणि ऑपरेशन फार लहान वयात झालं तर आणखी. गोळ्यांनी तो बहुधा आटोक्यात राहतो, पण गोळ्या अनेकदा कायमच्या लागतात.

तेव्हा तुमच्या लॅबसाठी आमचं मत असं : पहिली हीट येऊ द्या, ती संपल्यावर तीन महिने जाऊ द्या, मग ऑपरेशन करा. लॅबला पहिली हीट बहुधा ८ ते १२ महिन्यांत येते, म्हणजे ऑपरेशन साधारण वर्ष ते सव्वा वर्षाच्या आसपास पडेल. अमेरिकेतल्या पशुरुग्णालयांच्या संघटनेनंही २०१९ च्या मार्गदर्शनात २० किलोच्या वर जाणाऱ्या माद्यांसाठी ५ ते १५ महिने असा ऐसपैस पट्टा दिला आहे, एक ठराविक महिना दिलेला नाही. आमचा कल त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे आहे.

याला एक अट आहे. हीटचे तीन आठवडे तिला बंदोबस्तात ठेवता येणं शक्य नसेल, घरातच नसबंदी न झालेला नर असेल किंवा बंगल्याच्या कुंपणावरून उडी मारून नर आत येत असतील, तर पहिल्या डॉक्टरांचं ऐका. दहा महिन्यांच्या, अजून वाढत्या मादीला गर्भ राहणं हे सांध्यांच्या त्या पाच-सहा टक्क्यांपेक्षा नक्कीच वाईट.

प्रश्न : जर्मन शेफर्ड, १० महिने, अजून हीटवर आलेली नाही. ब्रीडर म्हणतो, एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर चिडकी होते. गेले काही दिवस ती मधूनच लंगडते, कधी पुढच्या पायानं, कधी मागच्या. ताकद यावी म्हणून रोज कॅल्शियमचं सिरप देतो. नसबंदी कधी करावी?
— एक वाचक, नागपूर

आधी सिरप बंद करा. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजूनमापून घातलेलं असतं. वरून दिलेलं कॅल्शियम हाडं मजबूत करत नाही, उलट कूर्चेची हाडात बदलण्याची क्रिया बिघडवतं. अगदी लहान पिल्लांना तर जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवताही येत नाही. घरचं खाणं देत असाल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना आहार दाखवून ठरवा, अंदाजानं बाटली उघडू नका.

लंगडणं एका पायावरून दुसऱ्या पायावर जात असेल तर वाढत्या वयातला हाडांचा दाह असण्याची शक्यता मोठी. शेफर्डमध्ये तो ५ ते १२ महिन्यांच्या दरम्यान बराच दिसतो. हाडाच्या मधल्या भागावर बोटांनी दाबलं की कुत्री पाय ओढून घेते. तो आपोआप बरा होतो. पण शेफर्ड म्हटलं की खुब्याचा दोष नाही ना हे बघणं आलंच, आणि त्यासाठी भूल देऊन, पाठीवर झोपवून, दोन्ही पाय सरळ ताणून एक्स-रे काढावा लागतो. जागेपणी, कुशीवर झोपवून काढलेल्या एक्स-रेवर खुब्याचा निवाडा होत नाही.

नसबंदीला शेफर्डसाठी घाई नकोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच २०१६ च्या अभ्यासात नसबंदी न झालेल्या शेफर्ड माद्यांमध्ये सांध्यांच्या आजारांचं प्रमाण ५ टक्के होतं, वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये १६ टक्के. लघवी गळण्याचा त्रास वर्षाच्या आत झालेल्यांपैकी ७ टक्क्यांना होता. न झालेल्यांमध्ये एकही नाही. या जातीसाठी दोन वर्षांपर्यंत थांबावं, हा सल्ला तिथूनच आला. इतकं थांबायचं म्हणजे दोन-तीन हीट सांभाळाव्या लागतील, प्रत्येक हीटनंतर खोट्या गाभणपणावर (गर्भ नसताना गाभण असल्यासारखी लक्षणं दिसण्यावर) लक्ष ठेवावं लागेल. ते जमणार असेल तरच थांबा. नसेल तर निदान पहिली हीट आणि चौदा-पंधरा महिने एवढं तरी गाठा.

राहिलं ब्रीडरचं म्हणणं. एकदा पिल्लं झाल्यानं मादीच्या तब्येतीला किंवा स्वभावाला काही फायदा होतो, याला आधार नाही. पिल्लांचा फायदा कुणाला होतो हे वेगळं सांगायला नको. आणि तिच्या खुब्यात खरंच दोष निघाला, तर तिची पैदास करणं हे पुढच्या पिल्लांवर अन्याय करणं आहे.

इतर जातींविषयी आलेल्या पत्रांना इथेच थोडक्यात. गोल्डन रिट्रीव्हरचं गणित सगळ्यांत अवघड. वर्षाच्या आत केलं तर सांधे बिघडतात, आणि कुठल्याही वयात केलं तरी काही कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. म्हणून गोल्डन मादीबाबत वर्ष पुरं झाल्यावर करणं आणि पुढे दर सहा महिन्यांनी अंगावरच्या गाठी, मानेखालच्या व गुडघ्यामागच्या लसिकाग्रंथी चाचपून घेणं, किंवा न करता गर्भपिशवीत पू होत नाही ना यावर डोळा ठेवणं, असे दोनच मार्ग उरतात. डॉबरमनमध्ये लघवी गळण्याचा त्रास बराच असल्यानं दोन वर्षांचा सल्ला आहे. शिवाय या जातीत रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष असतो. ऑपरेशनआधी ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त किती वेळात थांबतं ते बघायला सांगा. चार मिनिटांच्या आत थांबायला हवं. रॉटवायलरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांना हाडाच्या कॅन्सरचा धोका जास्त असल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, म्हणून तिथेही वर्ष उलटू द्या. ग्रेट डेनची वाढच दीड वर्षापर्यंत चालते, तेव्हा त्याआधी विषय काढू नका. आणि डेनचं पोट उघडणारच आहात, तर त्याच भुलीत जठर बरगडीजवळच्या पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करून घ्या. जठर फुगून पिळा पडणं हा या जातीचा जीवघेणा आजार आहे, आणि या टाक्यांनी पिळा पडायचं जवळजवळ टळतं.

प्रश्न : हीट संपली हे ओळखायचं कसं? तीन महिने मोजायचे ते कोणत्या दिवसापासून? आमची लॅब स्वतःला सतत चाटून साफ ठेवते, डाग दिसतच नाहीत.
— एक वाचिका, नाशिक

रोज सकाळी पांढरा सुती कपडा किंवा टिश्यू योनीमुखावर हलकेच टेकवा. पहिल्यांदा लालसर डाग आला तो पहिला दिवस. कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्या एका तारखेवर आहे.

पहिले साधारण ९ दिवस योनीमुखाला सूज असते, स्राव लाल असतो, नर मागे लागतात पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, खाली बसते. पुढचे साधारण ९ दिवस सूज मऊ पडते, स्राव फिकट गुलाबी किंवा पिवळसर होतो, आणि पाठीवर शेपटीजवळ हात ठेवला की ती शेपटी एका बाजूला वळवून उभी राहते. गर्भ राहण्याचे दिवस हे. बहुतेक अपघात इथेच होतात, कारण डाग कमी झाले म्हणजे हीट संपली असं समजून घरचे तिला मोकळी सोडतात. पहिल्या डागापासून पूर्ण तीन आठवडे, आणि सूज पुरती उतरेपर्यंत, पट्ट्याशिवाय बाहेर नाही. सोसायटीत राहत असाल तर फिरायला नेण्याची वेळ बदला. गच्ची सुरक्षित आहे असं धरू नका. जिन्याचं दार उघडं राहिलं की खालचे नर वर येतात.

सूज उतरून नर मागे लागायचे थांबले की हीट संपली. तिथून १० ते १२ आठवडे मोजा.

एवढं थांबण्यामागे दोन वेगळी कारणं आहेत. हीटमध्ये गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, पेशी लिबलिबीत असतात, टाका घट्ट करताना चिरतात आणि रक्त जास्त जातं. हे कारण लोकांना माहीत असतं. दुसरं कमी माहीत आहे. हीटनंतर सुमारे दोन महिने, गर्भ असो वा नसो, अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येतच राहतं. त्या काळात अंडाशय काढले तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं. बाळंतपणाच्या वेळी नेमकं हेच होतं, त्यामुळे शरीर दुधाची तयारी सुरू करतं. मादी खेळणी गोळा करून कुशीत घेते, कोपऱ्यात अंथरूण खरवडते, जवळ जाणाऱ्यावर गुरकावते, स्तन भरतात. हा खोटा गाभणपणा एरवी आपोआप ओसरतो, पण या वेळी ऑपरेशन झालं तर तो लांबत जातो, कधी महिनोन् महिने. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी प्रत्येक स्तन हलकेच दाबून बघा. दुधाचा थेंब आला तर ऑपरेशन पुढे ढकला आणि तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दूध येतंय म्हणून पिळून काढू नका, शेकू नका. पिळल्यानं ते वाढतंच. फार त्रास असेल तर दूध आटवणारी गोळी डॉक्टर देतात.

प्रश्न : हीट पुढे ढकलायचं इंजेक्शन मिळतं म्हणे. नसबंदीपर्यंत तेच देत राहिलं तर?
— एक वाचक, सांगली

देऊ नका. ते प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असतं. त्यानं गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं आणि तिथे पू होण्याचा धोका वाढतो. स्तनांत गाठी आणि मधुमेहही होऊ शकतो. ज्या आजारांपासून वाचण्यासाठी नसबंदी करायची, तेच आजार इंजेक्शननं ओढवून घेण्यासारखं आहे. नको असलेलं मीलन झालंच तर इस्ट्रोजेनचं इंजेक्शनही घेऊ नका. त्यानं अस्थिमज्जा निकामी होऊ शकते. मीलनाची तारीख लिहून ठेवा, २५ ते ३० दिवसांनी सोनोग्राफी करा आणि गर्भ असेल तर काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून तेव्हाच ठरवा.

प्रश्न : शेतावर कारवान मादी आहे, ८ महिन्यांची. मोकळीच फिरते, बांधलं तर खात नाही. आजूबाजूला गावठी नर भरपूर. लॅबसारखीच वर्षभर थांबायची का?
— एक वाचक, लातूर

थांबू नका. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की ती मोकळी असते. तीन आठवडे तिला बांधून ठेवणं जमणार नसेल तर पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन करणं बरं. कारवान उंच असली तरी अंगानं हलकी असते, आणि बोजड अंगाच्या जातींइतका सांध्यांवर भार येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी पाच-सहा महिन्यांपासूनच करतात तीही याच हिशेबानं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा हेतू एका कुत्रीचं दीर्घायुष्य एवढाच नाही, कुत्र्यांची संख्या आणि रेबीज आटोक्यात ठेवणं हा आहे. तुमची परिस्थिती घरातली कुत्री आणि रस्त्यावरची कुत्री यांच्या मधली आहे.

कारवान, मुधोळ, पश्मी या शिकारी जातींच्या अंगावर चरबी फार कमी असते. भुलीचं औषध चरबीत साठून हळूहळू उतरतं, ती जागाच इथे नसते. थायोपेंटोनसारख्या बार्बिच्युरेट गटातल्या औषधांनी अशा जातींना शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. प्रोपोफॉलनं भूल देऊन नळीतून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू चालू ठेवणं त्यांना मानवतं. त्यांचं अंग लवकर गार पडतं, म्हणून ऑपरेशनच्या टेबलवर आणि नंतर दोन-तीन तास गरम पाण्याच्या बाटल्या कपड्यात गुंडाळून जवळ ठेवाव्या लागतात. उघडी बाटली कातडीला टेकली तर भाजतं. आणि टाके निघेपर्यंत शेतावर मोकळी सोडायची नाही. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. जमलं तर ऑपरेशन दिवाळीनंतर घ्या, फक्त तोवर पहिली हीट येऊ नये.

प्रश्न : डॉक्टरांनी ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. कुत्री तर धडधाकट आहे. गरज आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

आहे, आणि ती मुख्यतः गोचिडांमुळे. आपल्याकडे गोचीडताप अंगात मुरलेला असतो आणि कुत्री धडधाकट दिसत असते. एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) कमी होतात. खेळती, खाती कुत्री, पण प्लेटलेट ४०-५० हजारांवर, असं दिसतं. तिचं पोट उघडलं तर रक्त थांबत नाही. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण पावणेदोन ते पाच लाख असतात. एक लाखाच्या खाली असतील तर आधी गोचीडतापाचा उपचार, म्हणजे बहुधा चार आठवड्यांचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स, मग पुन्हा तपासणी, मग तारीख. प्लेटलेट कमी आल्याच तर तपासनिसाला काचपट्टीवर रक्त बघायला सांगा, कारण मशीन कधीकधी गुठळ्यांमुळे चुकीचा कमी आकडा देतं. सोबत हिमोग्लोबिन, यकृत आणि मूत्रपिंड. एवढं पुरे, तरुण कुत्रीला याहून लांबलचक यादी बहुधा लागत नाही.

वजन त्याच दिवशी काट्यावर करा. भुलीचा डोस किलोवर ठरतो, आणि ‘तीसेक असेल’ हा अंदाज पाच किलोंनी चुकू शकतो. आदल्या रात्री आठ ते दहा तास आधी शेवटचं जेवण, पाणी सकाळपर्यंत चालेल. लस चुकलेली असेल तर ती आधी घ्या आणि निदान दोन आठवडे मध्ये जाऊ द्या.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला संकोचू नका : श्वासनलिकेत नळी घालणार का, सलाइन लावणार का, आणि भूल उतरेपर्यंत तिच्याजवळ कोण असेल. मोठ्या, खोल छातीच्या मादीत उजवं अंडाशय बरगड्यांच्या आत खोलवर असतं. ते वर ओढताना आणि त्याच्या देठाला दोरा बांधतानाच खरी कसोटी असते. दोरा घसरला की पोटात रक्तस्राव होतो. म्हणून ३५ किलोच्या शेफर्डचं ऑपरेशन पाच किलोच्या पॉमेरेनियनइतकं सोपं नसतं, आणि जास्त पैसे सांगितले तर त्यामागे कारण आहे.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ३० किलोची कुत्री. ऑपरेशननंतर काय काय सांभाळायचं?
— एक वाचिका, डोंबिवली

पहिला दिवस सगळ्यांत महत्त्वाचा. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोटानं दाबा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. घरी आणल्यावर रात्री झोपेपर्यंत दर दोन तासांनी हे करा. हिरड्या पांढुरक्या, पाय गार, पोट फुगत चाललेलं आणि कुत्री उठायला तयार नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आत रक्त जात असण्याची शक्यता आहे. भुलीनंतरची गुंगी वेगळी असते. त्यात हिरड्या गुलाबी असतात आणि हाक मारली की डोळे उघडतात.

जिना चढवताना दोघं लागतील. एकानं छातीखाली, दुसऱ्यानं मांड्यांमागून हात घालून चादरीच्या झोळीत उचला. पोटाखाली हात नको. पुढे लघवीसाठी दिवसातून तीन-चार वेळाच, आखूड पट्ट्यावर, एक-एक पायरी उतरवत. सोफ्यावर उडी, घसरत्या फरशीवर पळणं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, हे दहा ते चौदा दिवस बंद. स्नायूचे आतले टाके याच दिवसांत निसटतात. कातडी वरून नीट दिसते आणि आत मऊ फुगवटा येतो.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन रात्रीही ठेवायचा. अर्ध्या तासाच्या चाटण्यात टाके उसवतात. जेवताना काढला तरी लगेच घाला. कोनाची कड नाकाच्या दोन बोटं पुढे यायला हवी, नाहीतर जीभ पोहोचते. रोज एकाच उजेडात जखमेचा फोटो काढून ठेवला की फरक कळतो. दोन दिवस किंचित लाली, एखादा थेंब ठीक. चौथ्या दिवशी लाली वाढतेय, वास येतोय, पाणी गळतंय, किंवा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर आहे, तर दाखवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं, तेव्हा ‘१०२ ताप आला’ म्हणून घाबरू नका.

घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. जठराला जखमा होतात, मूत्रपिंड आणि यकृत जातं. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलं असेल तर ते जेवणानंतर, मोजून. जखमेवर हळदही नको.

टाके निघाले की जेवण २० ते २५ टक्के कमी करा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी होतो, आणि लॅब तर आधीच खादाड. महिन्यातून एकदा वजन करा. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत.

प्रश्न : आमची गोल्डन ५ वर्षांची, नसबंदी केली नाही. आता उशीर झाला का?
— एक वाचक, रत्नागिरी

नाही. स्तनांच्या बाबतीतला फायदा आता बराच कमी झाला, पण गर्भपिशवीत पू होण्याचा धोका दर हीटबरोबर वाढत जातो. स्वीडनमध्ये माद्यांची सरसकट नसबंदी करण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदींतून न केलेल्यांचं पुढे काय होतं ते दिसतं : दहा वर्षांच्या होईपर्यंत जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना पू झाला होता. गोल्डन त्यात वरच्या जातींपैकी. आधी सोनोग्राफी आणि स्तनांची तपासणी करून घ्या. गाठ असेल तर ती त्याच भुलीत काढता येते.

ऑपरेशन न करायचं ठरवलं तर हीटनंतरचे दोन महिने डोळ्यांत तेल घालून बघा. पाण्याचा वाडगा नेहमीपेक्षा लवकर रिकामा होतोय, लघवीला सारखी जातेय, जेवण सोडलं, उलटी झाली, मागून घाण वासाचा स्राव येतोय, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. गर्भपिशवीचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतच नाही, पोट मात्र टम्म होतं. ते जास्त धोक्याचं.

प्रश्न : नसबंदी होऊन आठ महिने झाले आणि आता मादीला पुन्हा डाग दिसताहेत, नर मागे लागलेत. असं कसं?
— एक वाचिका, पणजी

अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. बहुधा तो खोल असणाऱ्या उजव्या बाजूला राहतो. गर्भपिशवी काढलेली असल्यानं पिल्लं होणार नाहीत, पण गर्भपिशवीचा बुंधा उरला असेल तर त्यात पू होऊ शकतो, म्हणून दुर्लक्ष करू नका. लक्षणं दिसत असतानाच योनीतल्या पेशींचा नमुना तपासून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघा. ते वाढलेलं असेल तर निदान पक्कं. दुसरं ऑपरेशन मात्र नेहमीच्या नियमाच्या उलट, हीटच्या खुणा असताना किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत करावं लागतं, कारण तेव्हाच तो तुकडा फुगलेला असतो आणि डोळ्यांना सापडतो. जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवायला सांगा.